गार्गी काही बोलेना

कळमनुरी तालुक्यात तुमचं लग्न झालं असेल, तर तुमच्या पाहुण्यांचं शब्दसुमनांनी स्वागत बहुतेक मीच केलेलं असणार. पेशाने मी जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक, पण लोक ओळखतात ते माईकवरून. लग्न, साखरपुडा, सेवानिवृत्तीचा सत्कार, कबड्डीचे सामने, सगळीकडे सूत्रसंचालनाला सोमेश्वर सर. आमच्याकडे लग्नाला आलेल्या माणसाचं नाव माईकवरून पुकारलं नाही, तर तो जेवतो, पण मनापासून जेवत नाही, आणि पुढची दोन वर्षं भेटेल तिथे बोलून दाखवतो. म्हणून मांडवात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी माझ्या हातात येते. ते नाव गाव, पद आणि नात्यासकट, न अडखळता घ्यायचं. वरात वेशीत नाचत असताना दोन-दोन तास नुसत्या बोलण्यावर मांडव धरून ठेवायचा. येरागबाळ्याचं काम नाही ते. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्यात माझी अब्रू किती पणाला लागली होती, ते कळावं म्हणून सांगतो.

तर अशा माणसाची मुलगी साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती.

नाव मी मोठ्या हौसेने गार्गी ठेवलं होतं. भर सभेत ऋषींना प्रश्न विचारून घाम फोडणारी ती गार्गी. बारशाला या नावाची महती मी माईकवरून पाऊण तास सांगितली, तेव्हा बाळ पाळण्यात झोपून गेलं होतं. आमची गार्गी मात्र "आई", "बा" आणि जोरात हलणारी मान एवढ्यावर सगळा कारभार चालवायची. बाकी पोरगी तल्लख. एका पायावर उभी राहायची, ओट्यावरून दोन्ही पाय जोडून उडी मारायची, तूर आणि हरभरा एकत्र करून दिला तर मांडी घालून वेगवेगळा करायची. माझा मोबाइल कुठे आहे हे मला माहीत नसायचं, तिला असायचं. ती बोट दाखवायची आणि आम्ही पळायचो. बोलायचं तेवढं नाव नाही.

अंगणवाडीच्या मनकर्णाताई लेकरांची वाढ तपासायला घरी आल्या, तिथून प्रकरणाला तोंड फुटलं. वजन झालं, उंची झाली. ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला, गार्गीने नऊ ठोकळ्यांचा रचला. मग ताईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, "नाव काय माय तुझं?"

"सांग बाळा," मी म्हणालो. "गार्गी. सांग ताईंना, माझं नाव गार्गी."

"काय खायला आवडतं तुला?"

"शिरा," मी म्हणालो. "शिरा आवडतो ना गं? आणि भुईमुगाच्या शेंगा."

ताईंनी म्हशीचं चित्र पुढे धरलं. "हे काय हाय?"

"म्हैस," मी म्हणालो.

ताईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमचं बराबर हाय. तुमचा विकास वयाप्रमानं झालेला हाय. आता लेकराचं बघू द्या का?"

मी गप्प बसलो, म्हणजे बसायचं ठरवलं. पुढच्या प्रश्नाला माझं तोंड आपोआप उघडलं. शेवटी ताईंनी वहीत लिहिलं: चालणं-धावणं उत्तम, समज उत्तम, आणि भाषेच्या रकान्यात लाल गोल. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांच्या वह्यांत लाल गोल काढले, पण ते आईबापाला कुठे लागतात हे त्या दिवशी समजलं. "भिऊ नका," जाताना ताई म्हणाल्या. "काही लेकरं उशिरा बोलत्यात. पन कान तपासून घ्या, लांबवू नका."

कान तपासायला जिल्ह्याच्या गावी जायचं, म्हणजे रजा टाकायची. ती मंजूर होईपर्यंत घरगुती उपाय सुरू झाले. माझी आई गोजरबाई आमच्या गावाहून, साखऱ्याहून, वेखंड घेऊन आली. ते मधात उगाळून चाटवलं. गार्गीने मध चाटला, वेखंड पुनमच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पदराला पुसलं. मग आईने दुसरा हुकूम सोडला, "पोपटानं टोचलेला पेरू खाऊ घाल. पोपटावानी बोलती बघ."

मी शिक्षक आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी आईला स्पष्ट सांगितलं आणि मोटारसायकल काढून पुंजाजीच्या पेरूच्या बागेत गेलो. पुंजाजीने त्याच वर्षी सगळ्या बागेला जाळी लावली होती. पोपटाचा उष्टा पेरू मागितल्यावर त्याचा चेहराच उतरला.

"माझ्या बागेत पोपट? कोन सांगितलं तुमाला?"

"कोणी नाही हो. मला एक पाहिजे होता."

"सर, परवाच्या लग्नात माइकवर माझं नाव 'प्रगतिशील शेतकरी' म्हनून तुमीच घेतलं ना? आन आता उष्टा पेरू मागून राहिले?"

मी अर्धा तास त्याची समजूत घातली. शेवटी त्याने बांधावरचा एक टोचलेला पेरू अपराध्यासारखा माझ्या हातात दिला. घरी आईने उजेडात धरून पाहिला आणि हा कावळ्याचा आहे असा निकाल दिला. गार्गीने तो देठासकट खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

आमच्या शेजारी चाँद पाशा राहतो. मंडप आणि लाऊडस्पीकरचा त्याचा धंदा, त्यामुळे आमची जोडी जुनी. त्याने हा सगळा प्रकार भिंतीवरून पाहिला होता. "सर, काहून तकलीफ घेऊन राहिले?" तो म्हणाला. "लेकराच्या हातात माईक द्या. माझ्या इतक्या वर्षांत एक बी लेकरू माईकसमोर गप बसलेलं मी पाहिलं न्हाई. दुसरं काई न्हाई तर 'हॅलो' तर म्हनतंच."

बोलणं पटण्यासारखं होतं. मंगल कार्यालयात माईक मोकळा दिसला की पोरं कशी तुटून पडतात, हे मीही पाहिलेलं होतं. रविवारी सकाळी चाँद पाशाने आमच्या दारात दोन मोठे स्पीकर उभे केले. लहान आवाजात काही तरी लावू म्हणालो तर म्हणाला, लहान स्पीकर साखरपुड्याला गेलेत. गार्गीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी माईक सुरू आहे की नाही ते पाहायला फक्त "हॅलो" म्हणालो.

आता काय सांगू तुम्हाला. माईक सुरू होता. समोर गल्लीतली दहा-बारा माणसं उभी होती. मागून एक टेम्पो थांबला. "उपस्थित सर्व मान्यवरांचं मी मनःपूर्वक स्वागत करतो," हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं ते मला कळलं नाही. कोणी पुढारी आला असेल म्हणून माणसं जमत गेली, आणि जमलेल्यांची नावं मी घेत गेलो. बालकाच्या भाषिक विकासाचं महत्त्व या विषयावर आलो तेव्हा पुनमने येऊन वायर उपटली.

"पोरगी झोपली," ती म्हणाली. गार्गी खुर्चीत मान टाकून गाढ झोपली होती.

रजा मंजूर झाली आणि आम्ही तिघं तपासणी केंद्रात गेलो. खिडकीवर रांग होती. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पेशंटचं वय?" मी साडेतीन सांगितलं. "नाव?" एवढं विचारल्यावर नाव सांगून मोकळं व्हावं की नाही? पण मी सुरुवातीपासून सुरुवात केली. नमस्कार, मी सोमेश्वर, पेशाने शिक्षक, आमची अडचण अशी की. त्याने पहिलं नाव ऐकलं, लिहिलं, शिक्का मारला आणि कागद बाहेर सरकवला. पेशंट सोमेश्वर, वय साडेतीन, तक्रार बोलण्याची. दुरुस्तीला परत गेलो तर दुसरी खिडकी दाखवली, दुसऱ्या खिडकीने आधार कार्ड मागितलं, आणि आधार कार्ड साखऱ्याला आईच्या पेटीत होतं.

तेवढ्यात आतून पुकारा झाला, "सोमेश्वर, साडेतीन वर्षं!" बाकड्यावरच्या सगळ्या बाया लेकरू कुठे आहे ते पाहायला लागल्या. मी उठून उभा राहिलो. इतक्या वर्षांत माझं नाव माईकशिवाय कोणी पुकारलं नव्हतं आणि पुकारलं ते असं.

गार्गीचे कान तपासले. कान उत्तम. मग नाहिद मॅडमकडे पाठवलं. लेकरांच्या बोलण्याच्या त्या तज्ज्ञ. त्यांनी गार्गीला खाली सतरंजीवर बसवून एक बाहुली दिली आणि काही विचारलं. मी उत्तर दिलं. त्यांनी आणखी विचारलं. मी थोडं विस्ताराने उत्तर दिलं. दहा मिनिटं त्या शांतपणे ऐकत राहिल्या. मग केसपेपर उचलून नाव वाचलं आणि म्हणाल्या, "दुरुस्तीची घाई करू नका सर. बरोबर वाटतंय."

पुनमने तोंडाला पदर लावला. पाच वर्षांच्या संसारात ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती.

"लेकरू हुशार आहे," नाहिद मॅडम म्हणाल्या. "तिला सगळं कळतं. पण ती विचार करून शब्द शोधेपर्यंत घरात कोणीतरी तो बोलून टाकतं, नाही तर वस्तू हातात आणून देतं. मग तिने बोलायचं कशाला? एक करा. काही विचारलं की मनात दहा आकडे मोजा. दहा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि महिन्याने परत या. तोवर फरक पडला नाही तर पुढच्या तपासण्या लावू."

पुढच्या तपासण्या हे शब्द ऐकून पुनमचं हसू पुसलं गेलं.

दहा आकडे! मला वाटलं, यात काय? घरी आलो, गार्गीला विचारलं, "पाणी पाहिजे का दूध?" एक. दोन. तीन म्हणेपर्यंत घशात खाज सुटली. गार्गीचे ओठ हलल्यासारखे वाटले. "दूध!" मी ओरडलो. "दूध पाहिजे तिला!" दुसऱ्या दिवशी चारपर्यंत गेलो. आठवड्याने कसाबसा पाचवर पोचलो, पण मोठ्याने मोजत होतो असं पुनम म्हणाली.

त्याच आठवड्यात चाँद पाशाची आई खतीजाबी भिंतीपलीकडून म्हणाली, "सर, गूंगी कायकू समजते उसको? रोज सुबू मेरी बकरी से बाताँ करती तुमारी बेटी."

माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या अंगणात पाण्याच्या टाकीमागे लपलो. गार्गी आली. बकरीसमोर उकिडवी बसली. हातात सुबाभळीचा पाला. आणि माझ्या मुलीचा आवाज मी ऐकला. बारीक, थोडा घोगरा. "खाय," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. बकरी खात होती. "पोट... भरलं?" परत बराच वेळ. "न्हाई भरलं. मंग खाय."

साडेतीन वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते माझ्यापासून चार हातांवर, एका बकरीला ऐकायला मिळत होतं. कोणत्याही शहाण्या माणसाने तिथून मुकाट्याने पाय काढला असता. मी टाकीमागून उडी मारून बाहेर आलो. "वा! वा! वा! शाब्बास! बोल बाळा, अजून बोल! पुनम, अगं धाव, बोलली, बोलली!"

गार्गी पाला टाकून घरात पळाली. बकरीने दावं तोडलं आणि तीही पळाली. बकरीला धरायला चाँद पाशाला बस स्टँडपर्यंत जावं लागलं, पण ती परत आली. गार्गीचं बोलणं काही परत आलं नाही. तीन दिवस, चार दिवस. ती बकरीकडेही जाईना. खतीजाबीने मला पाहून नुसती मान हलवली, ते फार लागलं.

पुनम माझ्यासमोर कधी रडत नाही. त्या दिवशी भाकरी थापता थापता रडली. "तिला तुमची भीती न्हाई वाटत," ती म्हणाली. "तिला जागाच सापडत न्हाई. तुमी साऱ्या दुनियेचं नाव घेता. तिला तिचं नाव बी घेऊ देत न्हाई."

आणि त्याच आठवड्यात लग्नाची दाट तीथ होती. एका दिवशी दोन लग्नं. दुसऱ्याची वरात डीजेच्या पुढे हलेचना, चार तास मी माईकवर मांडव धरून ठेवला. चिठ्ठ्या संपल्या, मग वाढप्यांची नावं घेतली, मग मंगल कार्यालयाच्या रखवालदाराचंही स्वागत केलं. मंगलाष्टकाच्या वेळी "शुभमंगल" म्हणालो ते "सावधान" पर्यंत पोचलं नाही. घशातून नुसती हवा आली. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला आणि सांगितलं, आठ दिवस एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नाही तर आवाज कायमचा बसेल.

मी पाटी घेतली. पाटीवर "चहा" लिहून पुनमला दाखवायचं. ती वाचायची, "बरं" म्हणायची आणि आपल्या सवडीने द्यायची. आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ वाजतं, हे मला त्या दिवसांत समजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. गार्गी येऊन शेजारी बसली. तिने शेंगांकडे बोट दाखवलं. मी तिच्याकडे पाहिलं. एरवी मी आतापर्यंत शेंग, भुईमूग, तेलबिया, मराठवाड्यातील खरीप पिके इथवर गेलो असतो. पण घशात काही नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी तिच्या. बराच वेळ गेला.

"शेंग," ती म्हणाली.

माझ्या पोटातून अख्खं अभिनंदनाचं भाषण वर आलं आणि घशात येऊन हवा झालं. त्या सुजलेल्या घशाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मी नुसती शेंग दिली.

"आनिक दे," ती म्हणाली.

मग रोज थोडं थोडं यायला लागलं. कुत्रं आलं. बाबा, ऊन. आजी कुठं गेली. सहाव्या दिवशी तिने मला बकरीची सगळी हकीकत सांगितली, ती पळाली कशी, चाँद चाचा पडला कसा. दोन शब्दांच्या मधे एवढी जागा असायची की एरवी मी तिथे चार पाहुण्यांचं स्वागत उरकलं असतं. ती त्या जागेत डोळे वर करून शब्द शोधायची, सापडला की हसायची. किती गोड हसायची ते मी सांगू शकत नाही. साडेतीन वर्षं त्या जागेत मीच ठाण मांडून बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. न्हाणीघरात दार लावून मी हळूच "हॅलो, चेक" म्हणालो. आवाज आला होता, पहिल्यासारखा खणखणीत. बाहेर आलो तर पुनम दारातच उभी. तिने ऐकलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी कनेरगाव नाक्याला सामुदायिक विवाह सोहळा होता. एकवीस जोडपी, पाच हजार माणसं. या माईकसाठी मी दोन वर्षं डोळे लावून बसलो होतो. दुपारी चाँद पाशा टेम्पो घेऊन दारात आला. "सर, आवाज आला ना? न्हाई तर ते लोक देविदासला बोलावून राहिले."

देविदास! मान्यवरांना 'माननीय' म्हणायचं का 'आदरणीय' हे ज्याला अजून कळत नाही, तो देविदास. माझ्या मांडीवर गार्गी बसली होती आणि मुंगी कुठे चालली ते सांगत होती. तिचं वाक्य अर्ध्यावर होतं. मी चाँद पाशाकडे पाहिलं, गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

"अजून न्हाई आला भाऊ आवाज," पुनम आतून म्हणाली. "जाऊ द्या देविदास भाऊजीला."

टेम्पो गेला. खोटं सांगत नाही, तो वळणाआड होईपर्यंत मी पाहत राहिलो. पण गार्गीने वाक्य पुरं केलं. मुंगी तिच्या आईकडे चालली होती.

मग ती माझ्या मांडीवरून उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नऊ दिवस ती माझं तोंड निरखत होती. "बाबा," ती म्हणाली, "तुला... बोलता येत न्हाई?"

काय सांगणार? मी मान हलवली. तिने कीव येऊन माझ्या गालावरून हात फिरवला. इकडेतिकडे पाहिलं, आणि न्हाणीतली रिकामी बादली दोन्ही हातांनी ओढत माझ्यासमोर आणून ठेवली. बादलीवर थाप मारली.

"म्हन. बाद-ली."

मी तोंड उघडलं नाही. मी बोललो तर ती थांबेल, याची मला भीती वाटत होती. ती वाट पाहत उभी राहिली. घाई केली नाही, रागावली नाही, माझ्या वतीने उत्तरही दिलं नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली, माझ्या तोंडून कधी तरी निघेलच अशा खात्रीने. एवढ्या विश्वासाने माझी वाट आजवर कोणी पाहिली नव्हती, आणि मीही कधी तिची पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले.

"बादली," मी म्हणालो. हळूच.

गार्गीचे डोळे मोठे झाले. ती बादली तिथेच टाकून घरात धावत सुटली. "आई! आई गं! बाबा बोलला! बाबा बोलला!"

पुनम पिठाच्या हातांनीच बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तिने गार्गीला पोटाशी धरलं. मग डोळे पुसून म्हणाली,

"शाबास माय माझी. पन आजच्याला एवढंच बोलू दे त्यांला."